छोट्या कॉलेजचं घरचं कोर्ट पुन्हा कसं भरायचं?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या दीडेक हजार विद्यार्थ्यांच्या एका कॉलेजात तुम्ही क्रीडा विभागात नुकतेच रुजू झाला आहात. संघ एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या तिथल्या संघटनेच्या, डिव्हिजन थ्री या गटात खेळतो. जिममध्ये १,६०० जणांची सोय आहे, पण बास्केटबॉलच्या घरच्या सामन्याला दीडशे माणसं जेमतेम जमतात आणि त्यातले बरेच पाहुण्या संघाचे आईवडील असतात. खेळाडू म्हणतात, आपल्या कोर्टवर खेळतोय असं वाटतच नाही. हातात पैसा जवळजवळ नाही. सुरुवात कुठून करायची?

मी मिडवेस्टमधल्या, म्हणजे ओहायो, इंडियाना, आयोवा अशा राज्यांतल्या, अशाच कॉलेजांत वीसेक वर्षं सामन्यांची व्यवस्था पाहिली आहे. तुमचा प्रश्न वाचून मला माझा पहिला नोव्हेंबर आठवला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी १,६०० हा आकडा डोक्यातून काढून टाका. तो तुमचा शत्रू आहे. समजा दीडशेच्या जागी तीनशे माणसं जमली, तरी ती १,६०० जागांवर पसरली की जिम ओस दिसते. तीच तीनशे माणसं एका बाजूच्या खालच्या सहा ओळींत खांद्याला खांदा लावून बसली की पाहुण्या संघाला समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. एका माणसाला बाकावर साधारण दीड फूट जागा धरतात. तुमच्या जिमची लांबी मोजा आणि तीनशे माणसं किती ओळींत मावतात ते कागदावर मांडून बघा. आकडा इतका लहान येतो की आपण इतकी वर्षं सगळी बाकं का उघडत होतो असा प्रश्न पडतो. मी मुंबईत नागपाड्याच्या कोर्टांजवळ वाढलो. तिथे चांगला सामना असला की माणसं रेषेला चिकटून उभी राहायची. तिथे प्रेक्षकसंख्या कुणी मोजत नव्हतं, पण फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतरचा मोकळा फटका, घेणाऱ्याला मागच्या माणसाचा श्वास ऐकू यायचा. माहोल म्हणजे ती दाटी, आणि छोट्या कॉलेजला ती फुकट मिळते.

तेव्हा पहिलं काम: भिंतीत सरकवता येणारी बाकं सगळी ओढून उघडू नका. एकच बाजू उघडा, तीही पूर्ण नको. वरच्या ओळींना दोरी बांधून ठेवा, खालच्या ओळी भरल्या की मगच ती काढा. ही बाकं उघडण्याचं प्रशिक्षण असलेले एक-दोघंच कॉलेजात असतात. त्यांच्याशी मैत्री करा, वेळापत्रक त्यांना आठवडाभर आधी द्या. आणि बाजू निवडताना कॅमेरा कुठे आहे ते पाहा. बहुतेक छोट्या जिममध्ये थेट प्रक्षेपणाचा कॅमेरा एका बाजूला उंचावर असतो. त्याच्या समोरची बाजू भरलेली असेल, तर पुढच्या वर्षी कुठल्या कॉलेजात जायचं हे ठरवणारा बारावीचा खेळाडू घरी बसून भरलेली जिम पाहतो. कॅमेऱ्यासमोर रिकामी बाकं असतील तर तुमची तीनशे माणसं त्याच्या लेखी नसतातच.

विद्यार्थ्यांना कुठे बसवायचं याचं उत्तर नियमांतच आहे. कॉलेज बास्केटबॉलमध्ये पहिल्या अर्ध्यात प्रत्येक संघ त्याचे खेळाडू आणि कोच बसतात त्या बाकापासून दूरच्या बास्केटवर हल्ला करतो, दुसऱ्या अर्ध्यात जवळच्या. म्हणजे सामना अटीतटीचा होतो तेव्हा पाहुणे त्यांच्याच बाकाजवळच्या बास्केटकडे फ्री थ्रो घेत असतात. तुमचे सर्वांत मोठ्या आवाजाचे चाळीस विद्यार्थी त्या टोकाला, बास्केटखालच्या बेसलाइनच्या मागे हवेत. मधे सुरक्षित अंतर ठेवून, पण समोर. मी पाहिलेल्या कितीतरी जिममध्ये विद्यार्थी सवयीने दाराजवळ बसतात, कारण तिथून लवकर निघता येतं. ही एक गोष्ट बदलली तरी पहिल्याच सामन्यात फरक कळतो.

आता वेळापत्रक. डिव्हिजन थ्रीत हंगामात साधारण २५ सामने, त्यातले घरचे अकरा-बारा. हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत होस्टेलं रिकामी असतात. म्हणजे घरच्या सामन्यांपैकी दोन-तीन असे, जेव्हा तुमचा विद्यार्थी तिथे नसतोच. त्या सामन्यांना विद्यार्थी आणायची धडपड करू नका. ते गावासाठी आणि शाळकरी पोरांसाठी राखा, कारण सुट्टीत घरात कोंडलेल्या पोरांना बाहेर न्यायला आईबाप जागा शोधतच असतात. मिडवेस्टच्या गावात हायस्कूलचं बास्केटबॉल कॉलेजपेक्षा जवळचं असतं, आणि त्यांचे सामने बहुतेक मंगळवारी आणि शुक्रवारी. त्या रात्री गाव तुमच्याकडे येणार नाही, आणि यावं अशी अपेक्षाही करू नये. हायस्कूलच्या क्रीडा संचालकाला ऑगस्टमध्येच भेटा, दोन्ही वेळापत्रकं एका टेबलावर ठेवा. मला या एका भेटीने जितकं दिलं तितकं कुठल्या जाहिरातीने दिलं नाही.

या सगळ्यामागे माझा एक ठाम विश्वास आहे: छोट्या कॉलेजात माणसं बास्केटबॉल बघायला येत नाहीत, ओळखीच्या माणसाला बघायला येतात. बास्केटबॉलच हवा असेल तर घरच्या टीव्हीवर रोज रात्री याहून उंच, याहून वेगवान खेळाडू दिसतात. पण टीव्हीवरचा खेळाडू आपल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शेजारी उभा नसतो. तेव्हा पोस्टर छापण्यात पैसे घालवण्याआधी प्रत्येक खेळाडूला कामाला लावा. दर घरच्या सामन्याआधी प्रत्येकाने दोन माणसांना प्रत्यक्ष भेटून बोलवायचं: एक शिक्षक आणि एक असा विद्यार्थी जो आजवर कधी आलेला नाही. फोनवर संदेश पाठवला तर तो मोजायचा नाही. पंधरा जणांचा संघ, पुरुष आणि महिला दोन्ही धरले तर तीस. आमंत्रणं झाली साठ. सगळे येत नाहीत, पण जे येतात ते एका नावासाठी येतात, आणि नावासाठी आलेला माणूस सामना संपेपर्यंत थांबतो.

प्रेक्षकांचा दुसरा साठा तुमच्या डोळ्यांसमोरच आहे. छोट्या कॉलेजात विद्यार्थ्यांतला मोठा हिस्सा, कुठे चौथा तर कुठे तिसरा, कुठल्या ना कुठल्या संघात असतो. एकट्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात शंभरावर मुलं. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, त्यामुळे ही मुलं खेळतात ती आवडीपोटी, आणि दुसऱ्या खेळाडूचे कष्ट त्यांना न सांगता कळतात. पण हा व्यवहार दोन्ही बाजूंनी हवा. बास्केटबॉलचा संघ ऑक्टोबरच्या थंडीत महिलांच्या सॉकर सामन्याला उभा राहिला नसेल, तर जानेवारीत सॉकरच्या मुलींनी का यावं? मी कोचना स्पष्ट सांगायचो, आधी तुमची मुलं दुसऱ्यांच्या मैदानावर दिसू देत, मग माझ्याकडे प्रेक्षक मागा. काही कोचना ते आवडलं नाही. ज्यांनी केलं त्यांच्या जिम भरल्या.

प्राध्यापकांना बोलवण्याची एक साधी पद्धत आहे. प्रत्येक सामन्याला एका प्राध्यापकाला पाहुणा कोच करायचं: सामन्याआधी लॉकर रूममध्ये कोचचं बोलणं ऐकायचं, संघाच्या बाकामागे बसायचं, नाव माइकवर घ्यायचं. त्याआधी अठरा वर्षांच्या मुलाला फक्त परीक्षेच्या गुणांवरून ओळखणारा माणूस पहिल्यांदा त्याला घाबरलेला, चुकलेला, उठून परत धावलेला पाहतो. इतिहास विभागातल्या एक बाई अशाच एकदा आल्या आणि मग निवृत्त होईपर्यंत त्यांची जागा ठरलेली होती, नवऱ्यासकट.

आणि लहान मुलं. हाफटाइमला गावातल्या पहिली-दुसरीच्या पोरांना चार मिनिटं कोर्ट द्या, कमी उंचीचं बास्केट लावून. एका पोरामागे आई, बाप, बहुधा आजी आणि एक भावंड येतं. सामना संपल्यावर खेळाडूंनी पंधरा मिनिटं कोर्टवरच थांबायचं, पोरांना चेंडू मारू द्यायचा, त्यांची नावं विचारायची. ही गोष्ट हरलेल्या रात्री सर्वांत जड जाते आणि त्याच रात्री तिची खरी गरज असते. सात वर्षांच्या पोराला गुणफलक आठवत नाही; आपलं नाव घेतलेलं आठवतं, आणि पुढच्या बुधवारी तोच बापाच्या मागे लागतो.

आता प्रथांबद्दल, कारण तुमच्या वरिष्ठांनी कुठलीतरी चित्रफीत पाहून हे सुचवलं असेलच. इंडियानातल्या अपलँड गावी टेलर विद्यापीठ आहे, एनएआयए या छोट्या कॉलेजांच्या दुसऱ्या क्रीडा संघटनेतलं. तिथे डिसेंबरमध्ये सत्रपरीक्षेच्या तोंडावर एक सामना होतो, सायलेंट नाइट. विद्यार्थी झोपायच्या कपड्यांत नाहीतर कसल्यातरी वेषांत येतात आणि टेलरचा दहावा गुण होईपर्यंत अख्खी जिम गप्प राहते. बुटांचा आवाज, चेंडूचा आवाज, बस. दहावा गुण पडला की छप्पर उडेल असा स्फोट होतो. शेवटी सगळे मिळून नाताळचं गाणं गातात. हे पाहून अनेक कॉलेजांनी शांततेचा सामना ठेवून बघितला. बऱ्याच ठिकाणी तो फसतो, कारण शांतता विकत आणता येत नाही. टेलरमध्ये बहुतेक विद्यार्थी होस्टेलात एकत्र राहतात, नवख्याला वरच्या वर्गातली मुलं सगळं समजावतात, आणि परीक्षेचं दडपण नेमकं त्याच आठवड्यात दाटलेलं असतं. स्फोट त्या दडपणाचा असतो. आर्कान्सातल्या जॉन ब्राउन विद्यापीठाने अनेक वर्षं हंगामातल्या पहिल्या घरच्या बास्केटला टॉयलेट पेपरचे रोल कोर्टवर फेकण्याची प्रथा जपली, आणि त्यासाठी पंचांनी दिलेला टेक्निकल फाउल, म्हणजे गैरवर्तनाचा दंड, दरवर्षी सोसला. दोन्हींमधून घ्यायचं ते एवढंच: प्रथा गावच्या मातीतून उगवलेली हवी आणि तिची तारीख ठरलेली हवी. तुमच्या कॉलेजात जुनं काय होतं ते आधी शोधा. ग्रंथालयातली जुनी वार्षिकं उघडा, १९७० आणि ८०च्या दशकातल्या माजी विद्यार्थ्यांना फोन करा. एखादी घंटा असते, एखादं गाणं असतं, एखाद्या डोंगराचं नाव असतं. मेलेली प्रथा जिवंत करणं नवी प्रथा जन्माला घालण्यापेक्षा सोपं, कारण ती आठवणारी माणसं अजून गावात असतात आणि ती पुन्हा दिसली की ती स्वतःहून येतात.

वैराबद्दलही हेच. मिशिगनमधल्या होप आणि कॅल्विन या दोन कॉलेजांचं बास्केटबॉल म्हणजे डिव्हिजन थ्रीतलं सगळ्यात गाजलेलं वैर. १९९७ मध्ये ग्रँड रॅपिड्सच्या व्हॅन अँडेल अरीनामध्ये त्यांच्या एका सामन्याला ११ हजारांवर माणसं होती. दोन कॉलेजांत अंतर पन्नासेक किलोमीटरचं. दोघांची मुळं डच स्थलांतरितांच्या चर्चमध्ये, पण पंथ वेगळे. एकाच घरात एक भाऊ होपचा तर बहीण कॅल्विनची असं अजून सापडतं. होपचा संघ २००५ मध्ये डेव्होस फील्डहाउस होईपर्यंत हॉलंड गावच्या सिव्हिक सेंटरमध्ये खेळायचा. म्हणजे कित्येक दशकं गाव कॉलेजकडे जात नव्हतं, कॉलेजच गावाच्या दालनात येत होतं. असा इतिहास तुम्हाला बनवता येणार नाही. पण तुमच्या परिषदेतलं, म्हणजे दरवर्षी आपापसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातलं, कुठलं कॉलेज असं आहे, जिथे तुमच्या विद्यार्थ्यांचे शाळासोबती शिकतात? त्या कॉलेजशी होणाऱ्या दोन सामन्यांवर वर्षाची निम्मी शक्ती लावा. बाराही सामन्यांवर सारखी शक्ती वाटणं ही नव्या माणसाची सर्वांत स्वाभाविक चूक. मीही केली, आणि पहिल्या वर्षी फेब्रुवारीपर्यंत माझे स्वयंसेवक थकून गेले.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. चालू खेळात बँड, भोंगे, स्पीकरवरचं संगीत नियमाने चालत नाही. ते टाइमआउट आणि मधल्या वेळांत. पण टाइमआउटमध्येही स्पीकर इतका मोठा लावतात की विद्यार्थ्यांनी सुरू केलेली घोषणा त्याखाली मरते. पेप बँड, म्हणजे सामन्यात वाजवणारा विद्यार्थ्यांचा बँड, असेल, अगदी बारा जणांचा, तर त्याला सर्वांत चांगली जागा आणि सामन्याआधीचं जेवण द्या. प्रत्येक अर्ध्यात एका टाइमआउटला स्पीकर पूर्ण बंद ठेवा. सुरुवातीला ती शांतता अंगावर येते. तिसऱ्या-चौथ्या सामन्याला कुणीतरी ती भरायला लागतं. आणि माइकवरच्या माणसाने दोन्ही संघांतल्या प्रत्येक खेळाडूचं नाव सामन्याआधी त्याला विचारून बरोबर उच्चारायचं. आयुष्यभर चुकीच्या उच्चाराने हाक ऐकलेल्या माणसाला हे किती लागतं, ते आपल्याला सांगायला नको.

त्याच सुरात एक कठोर गोष्ट. विद्यार्थी जवळ बसवले, आवाज वाढवला, की एक दिवस कुणीतरी पाहुण्या खेळाडूच्या रंगावर, देहावर किंवा आईवर बोलणार. तो दिवस यायच्या आधी विद्यार्थ्यांच्या म्होरक्यांना बसवून रेघ आखून द्या: खेळावर बोला, माणसावर नाही. आणि पहिल्यांदा रेघ ओलांडली त्याच क्षणी त्या मुलाला बाहेर काढा, सामना बरोबरीत असला तरी. मी एका सामन्यात दोन मिनिटं उशीर केला होता. ज्या मुलाला ते ऐकावं लागलं त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही.

महिलांचा सामना पहिला आणि पुरुषांचा नंतर, अशी जोडी बहुतेक परिषदांत असते. साडेपाचच्या सामन्याला लोक नसतात कारण त्या वेळी कँटीनमध्ये जेवण चालू असतं, आणि मग ‘महिलांचा खेळ कुणी बघत नाही’ असं निदान होतं. आयोवा विद्यापीठाच्या महिला संघाने ऑक्टोबर २०२३ मध्ये किनिक फुटबॉल स्टेडियमवर डिपॉलविरुद्ध सरावाचा सामना खेळला, तेव्हा ५५,६४६ लोक आले होते. तुमच्याकडे त्या संघातल्या केटलिन क्लार्कसारखी तारका नाही हे खरं, पण प्रेक्षक नाहीत ही सबबही खरी नाही. जोडीचा क्रम दर आठवड्याला आलटून पालटून ठेवता येतो का ते परिषदेला विचारा. नाही म्हणाले तर जेवण जिममध्ये आणा. कँटीनवाल्यांनी डबे बांधून दिले तर विद्यार्थी साडेपाचला पोचतात. मी हे करून पाहिलं आहे, आणि त्यानंतर तिथे महिलांच्या दुसऱ्या अर्ध्याचा आवाज संध्याकाळचा सर्वांत मोठा असायचा.

प्रेक्षक गेले कुठे, याचं एक कारण लोक विसरत चालले आहेत. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे स्पर्धा अर्ध्यात थांबली, २०२१ची डिव्हिजन थ्रीची हिवाळी अजिंक्यपदं रद्द झाली, अनेक कॉलेजांनी तो हंगाम खेळलाच नाही किंवा रिकाम्या जिममध्ये खेळला. चार वर्षांच्या कॉलेजात परंपरा तोंडी चालते: चौथ्या वर्षाचा पहिल्या वर्षाच्या मुलाला शेजारी बसवून घोषणा शिकवतो. ती साखळी तुटली. घोषणा ठाऊक असलेली मुलं पदवी घेऊन निघून गेली आणि नव्यांना कुणी शिकवलंच नाही. म्हणून ऑगस्टमध्ये नव्या विद्यार्थ्यांचा पहिला आठवडा असतो तेव्हा त्यांना जिममध्ये आणा आणि एक तास घोषणा शिकवा, संघासमोर, दिवे लावून. चेंडूसुद्धा लागत नाही. त्याच काळात थेट प्रक्षेपणही रुळलं. ते बंद करू नका; दूरच्या राज्यातली आजी त्यावर नातवाला बघते. फक्त गावातल्या लोकांना पाठवायच्या पत्रकात त्याची लिंक देऊ नका.

आणि जिंकणं? मदत होते, पण क्रमाने ते पहिलं येत नाही. आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजात डेव्हिड आर्सेनो हे कोच १९८९ मध्ये आले, तेव्हा संघ वर्षानुवर्षं हरत आला होता. त्यांनी पाच-पाच जणांच्या तुकड्या दर मिनिटा-दीड मिनिटाला बदलायला, पूर्ण कोर्टवर दबाव टाकायला आणि तीन गुणांचे फटके सर्रास मारायला सुरुवात केली. बाकावरच्या प्रत्येकाला खेळायला मिळावं, हा त्यातला मोठा हेतू होता. ग्रिनेलच्या जॅक टेलरने नोव्हेंबर २०१२ मध्ये एका सामन्यात १३८ गुण केले ते याच पद्धतीत. तुमच्या कोचने तसंच खेळावं असं मी म्हणत नाही. पण पंधरा मुलं खेळली की पंधरा मुलांचे मित्र येतात. आठच खेळली तर बाकीच्या सातांचे मित्र दोन सामन्यांत यायचे थांबतात. कोचशी हे बोलायला धीर लागतो. तरी बोला.

मोजणी दाराशी नको. हाफटाइमला स्वतः उभं राहून मोजा, चार रकान्यांत: विद्यार्थी, कॉलेजातली माणसं, गाव, पाहुणे. पहिल्या वर्षी एकूण आकडा फारसा हलणार नाही. दुसरा आणि तिसरा रकाना हलतोय का तेवढं बघा. दरवर्षी तुमचा चौथा हिस्सा विद्यार्थी बाहेर पडतो, त्यामुळे विद्यार्थ्यांचा रकाना तिसऱ्या हंगामाआधी स्थिर होत नाही. वरिष्ठांना हे पहिल्याच बैठकीत लेखी द्या, म्हणजे दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात ते तुमच्यावर उखडणार नाहीत.

या आठवड्यात एवढंच करा. बाकं उघडणाऱ्या माणसाला गाठून संध्याकाळी सहाला जिममध्ये जा. एक बाजू बंद ठेवायला सांगा. मग पाहुण्यांच्या बाकाजवळच्या बास्केटमागे उभे राहा आणि बघा, फ्री थ्रोच्या रेषेवरच्या खेळाडूला तिथून तुमचा आवाज ऐकू जातो का.